पाण्याखाली दम धरणारं भात

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. भात पाण्यातच वाढतं, बरोबर? आपण खाचरात पाणी साठवतो, चिखल करतो आणि मग लावणी करतो. मग पूर आला की तेच भात मरतं का?

तर भाताचे पाय पाण्यात असले तर चालतं, डोकं बुडलं तर चालत नाही. शेंडा पाण्याखाली गेला की पानांना हवा मिळत नाही. पुराचं पाणी गढूळ असतं, त्यामुळे ऊनही पोचत नाही. अशा वेळी साधं रोप काय करतं, तर वर येण्यासाठी धडपडतं. भराभर उंच वाढायला लागतं. त्या वाढीसाठी त्याने साठवलेली सगळी शिदोरी खर्च होते. पाणी दोन-तीन दिवसांत उतरलं तर निभावतं. आठवडाभर राहिलं तर शिदोरी संपते, आणि पाणी ओसरल्यावर शेतात काय दिसतं? लांबलचक, पिवळी पडलेली, आडवी झालेली रोपं. तोपर्यंत लावणीचा हंगाम निघून गेलेला असतो आणि हातात दुसरं रोप नसतं.

आता ज्याच्याकडे वीस एकर आहे, त्याचं दोन एकर असं गेलं तर तो चरफडेल, पण उभा राहील. ज्याच्याकडे एकूण एकच एकर आहे आणि तेही ओढ्याकाठी, त्याचं काय? आपल्या देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार ८६ टक्के खातेदारांकडे दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. म्हणजे हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही, बहुतेकांचा आहे.

आणि पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. हे नुसतं आजोबांचं म्हणणं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागाला झोडपणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. या पट्ट्यात गुजरात, महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतचा भाग येतो. एकूण पाऊस वाढला असं नाही. पडतो तेव्हा एकदम कोसळतो, आणि मध्ये मोठा खंड पडतो.

मग अशा पावसात टिकणारं बियाणं मिळालं तर छोट्या शेतकऱ्याचं किती भलं होईल? आज त्याचीच एक खरी गोष्ट सांगणार आहे. ती ओडिशात घडली आहे. पण शेवटी आपण कोकणात आणि गोव्यात येणार आहोत, तेव्हा मध्येच बंद करू नका.

मागे पडलेल्या वाणाची कमाल

ओडिशाच्या सखल भागात पूर नवा नाही. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या काही गावठी भातं जपली होती, जी पाण्याखाली दिवसचे दिवस काढायची. १९४० च्या दशकात त्यातल्याच एका भातातून निवड करून एक वाण तयार झालं. त्याचं नाव एफआर १३ ए. एफआर म्हणजे फ्लड रेझिस्टंट, पुराला तोंड देणारं.

पण या वाणाला उतारा कमी होता. म्हणून पुढे जास्त पिकणारी बुटकी वाणं आली तशी अशी जुनी भातं मागे पडली. त्यांची जागा पूर्व भारतात बऱ्याच ठिकाणी स्वर्णा या वाणाने घेतली. स्वर्णा आंध्र प्रदेशातल्या मारुटेरू इथल्या भात संशोधन केंद्राचं. भरपूर पिकतं, खत कमी असलं तरी सांभाळून घेतं, बाजारात उठाव आहे. दोष एकच, पाण्याखाली गेलं की संपलं.

शास्त्रज्ञांनी मग विचार केला, की एफआर १३ ए चा दम आणि स्वर्णाचा उतारा एकत्र आणता येईल का? सुरुवातीचे प्रयत्न जमले नाहीत. साधा संकर केला की दम यायचा, पण त्याच्याबरोबर जुन्या वाणाचे नको असलेले गुणही यायचे. शेतकरी म्हणायचे, हे आमचं भात नाही. आणि ते बरोबरच होतं. त्यांना नवीन भात नकोच होतं. त्यांचंच भात हवं होतं, फक्त पुरात टिकणारं.

१९९० च्या दशकात डेव्हिड मॅकिल आणि केनाँग शू यांनी हा दम भाताच्या नवव्या गुणसूत्रावरच्या एका छोट्या जागेत असल्याचं शोधलं. २००६ मध्ये पामेला रोनाल्ड आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी नेमका जीन कोणता ते 'नेचर' या नियतकालिकात जाहीर केलं. त्याचं नाव सब १ ए.

हा जीन करतो काय, ते ऐकण्यासारखं आहे. तो रोपाला जास्त ताकद देत नाही. तो रोपाची धडपड थांबवतो. पाणी चढलं की रोप वाढ रोखून गप्प बसतं, शिदोरी जपून ठेवतं, आणि पाणी उतरल्यावर त्याच शिदोरीवर पुन्हा फुटवे काढतं. आपल्याकडे म्हणतात ना, जरा दम धर? अगदी तेच.

मग हा एक गुण स्वर्णात आणायचा कसा? स्वर्णाचा संकर केला, जी रोपं आली ती पुन्हा स्वर्णाशीच संकरित केली, मग परत तेच. दर वेळी रोपाच्या डीएनएची तपासणी करून, ज्यात दमाचा जीन आहे पण बाकी सगळं स्वर्णाचं आहे तीच रोपं पुढे ठेवली. मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर फोन तोच, फक्त एक ॲप नवीन. इथे बरेच जण विचारतात, हे जीएम बियाणं आहे का? नाही. भाताचा भाताशीच संकर आहे, लॅबमधली तपासणी फक्त निवडीसाठी वापरली.

फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, म्हणजे इरी, आणि भारतातल्या संस्थांनी मिळून हे वाण पुढे नेलं. २००९ मध्ये स्वर्णा-सब १ भारतात प्रसारित झालं. पुढच्या वर्षी बांगलादेशात तेच ब्री धान ५१ या नावाने आलं.

पूर न येताही फायदा कसा?

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग.

२०११ मध्ये ओडिशातल्या भद्रक आणि बालासोर या भागातल्या काही गावांत शेतकऱ्यांना या बियाण्याच्या पाच-पाच किलोच्या पिशव्या दिल्या. शेजारच्या तशाच काही गावांत दिल्या नाहीत. मग दोन्हीकडे काय होतं ते अर्थशास्त्रज्ञांनी नीट मोजलं. त्याच वर्षी पूर आला. शेत दहा दिवस पाण्याखाली राहिलं तिथे साध्या स्वर्णापेक्षा स्वर्णा-सब १ चं उत्पादन सुमारे ४५ टक्के जास्त निघालं. पूर आला नाही तिथे उत्पादन स्वर्णाइतकंच, म्हणजे तोटा काही नाही.

इथवर अपेक्षितच होतं. पण पुढच्या हंगामात वेगळीच गोष्ट दिसली. ज्यांच्याकडे हे बियाणं होतं, ते शेतीच वेगळी करायला लागले. त्यांनी जास्त जमिनीत भात केलं. खत जास्त घातलं. पीककर्ज जास्त वापरलं. भात नुसतं फोकून पेरण्याऐवजी जास्त लोकांनी रोपं लावून लावणी केली, जी मजुरीला महाग पण उताऱ्याला चांगली.

असं का झालं? बियाण्याच्या पिशवीत खत नव्हतं, पैसे नव्हते. फक्त भीती कमी झाली होती.

विचार करा. तुम्हाला माहीत आहे की तीन-चार वर्षांतून एकदा सगळं वाहून जाणार. मग तुम्ही उसनवारी करून खत घालाल का? नाही घालणार. तुम्ही जपून, कमीत कमी खर्चाची शेती कराल. लोक त्याला आळस म्हणतात, मागासलेपण म्हणतात. खरं तर तो हिशेब असतो, आणि बरोबर हिशेब असतो. पण त्याची किंमत अशी, की पूर न आलेल्या चांगल्या वर्षांतही पीक कमीच येतं. म्हणजे पूर एका वर्षी येतो आणि त्याची भीती दर वर्षी पीक खाते.

म्हणून मला वाटतं, टिकाऊ बियाण्याची खरी किंमत आपत्तीच्या वर्षात मोजून पुरी होत नाही. चांगल्या वर्षात शेतकरी किती मोकळ्या मनाने शेती करतो, त्यात ती दिसते.

बियाणं कुठे अडतं?

या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्यात सखल, सगळ्यात आधी बुडणारी जमीन कुणाकडे होती? मुख्यतः अनुसूचित जातीच्या कुटुंबांकडे. चांगली उंचावरची जमीन आधीच दुसऱ्यांकडे गेलेली, यांच्या वाट्याला खोलगट तुकडे आलेले. त्यामुळे या बियाण्याचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांनाच होणार होता. सबसिडी नाही, आरक्षण नाही, नुसत्या बियाण्याच्या गुणामुळे सगळ्यात कमी असलेल्याला सगळ्यात जास्त फायदा. असं शेतीतल्या नव्या गोष्टींत क्वचितच घडतं.

पण थांबा. त्यांच्यापर्यंत बियाणं पोचायला तर हवं!

आपण म्हणतो, चांगलं बियाणं गावात एकाला द्या, ते आपोआप पसरेल. पाच किलोचा हिशेब केला तरी ते पटतं. लावणीला हेक्टरी चाळीस किलो धरलं तर पाच किलोत साधारण बारा-तेरा गुंठे होतात, आणि त्यातून पुढच्या वर्षी काहीशे किलो बियाणं निघू शकतं. गावाला पुरेल इतकं. मग पसरलं का?

ओडिशातच हेही तपासलं. काही गावांत बियाणं पहिल्या शेतकऱ्यांकडून आपसातल्या देवाणघेवाणीने पसरू दिलं. काही गावांत तेच बियाणं दारोदार जाऊन विकायला ठेवलं. दारोदार नेलं तिथे कितीतरी जास्त घरांनी ते पैसे देऊन घेतलं. म्हणजे गरज होती, पैसे द्यायची तयारीही होती. आपसात सोडलं तिथे मात्र ते भावकीत, जातीत, ओळखीत फिरत राहिलं आणि तिथेच अडलं.

तुमच्या गावाचं चित्र डोळ्यांपुढे आणा. बियाणं मागायला कोण कुणाच्या दारात जातं? कोण कुणाच्या दारात जात नाही? शास्त्रज्ञांनी जीन नवव्या गुणसूत्रावरून शोधून काढला, तो फिलिपिन्सहून भद्रकपर्यंत आला, आणि शेवटच्या दोनशे पावलांवर, एका आळीतून दुसऱ्या आळीत जाताना अडकला. हवामानाशी जुळवून घेण्याबद्दल बोलताना आपण जीनबद्दल खूप बोलतो, या दोनशे पावलांबद्दल जवळजवळ कधीच बोलत नाही.

आपल्याकडची खारी गोष्ट

आता येऊ आपल्या किनाऱ्यावर. आपल्याकडे पुराइतकाच त्रास मिठाचा आहे. रायगडमध्ये पेण, अलिबाग, पनवेलच्या बाजूला खार जमिनी आहेत. समुद्राचं पाणी बांध घालून अडवलेलं. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं. एरवी पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरी जमिनीतलं मीठ धुऊन नेतात आणि मग लावणी होते. पाऊस उशिरा आला किंवा मध्येच दडी मारली, तर मीठ वर येतं आणि कोवळं रोप करपतं. समुद्राची पातळी वाढते आहे, पाऊस लहरी झाला आहे, म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

इथेही उत्तराची सुरुवात शेतकऱ्यांच्याच कणगीतून झाली. काळा राता, भुरा राता ही खार जमिनीतली जुनी भातं मीठ सोसणारी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल १, पनवेल २, पनवेल ३ अशी खार जमिनीसाठीची वाणं दिली. गोव्यात खाजन शेतीत कोरगुट नावाचं भात आहे. त्याचीच निवड करून जुने गोवे इथल्या केंद्रीय संशोधन संस्थेने गोवा धान या मालिकेतली वाणं काढली.

ओडिशातली गोष्ट आणि ही गोष्ट एकाच साच्यातली आहे ना? कमी पिकतं म्हणून बाजूला पडलेलं गावठी बियाणं, आणि संकट आल्यावर नेमका त्यातच सापडलेला गुण. इरीच्या जनुक पेढीत भाताचे सव्वा लाखाहून जास्त नमुने जपलेले आहेत. पण सगळं शीतगृहात ठेवून भागत नाही, शेतातही राहायला हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना आपण बीजमाता म्हणून ओळखतो, यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला तो याच कामासाठी. कुठल्या डब्यात उद्याचं औषध आहे, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

दम धरण्यालाही मर्यादा

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बियाणं म्हणजे जादू नाही. स्वर्णा-सब १ साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरतं. पाणी महिनाभर तुंबलं तर तेही जातं. पेरल्या पेरल्या शेत बुडलं किंवा फुलोऱ्यात पाणी आलं, तर हा जीन फारसा कामाचा नाही. पुराच्या भातात मीठ सोसायची ताकद आपोआप येत नाही. आणि फुटका बांध, बुजलेला ओढा, विम्याचे न मिळालेले पैसे यांची दुरुस्ती कुठलंही बियाणं करत नाही. कुणी टिकाऊ बियाणं देऊन बाकीच्या जबाबदाऱ्यांतून हात झटकत असेल, तर त्याला विचारलं पाहिजे.

आता तुम्ही काय करू शकता?

तुमच्यापैकी बरेच जण शिकायला किंवा नोकरीला बाहेर आहेत, पण मे महिन्यात घरी जाता. तेव्हा ही चार कामं करून बघा.

पहिलं. घरी विचारा, आपली कुठली खाचरं दर वर्षी बुडतात, किती दिवस बुडतात आणि पिकाच्या कुठल्या टप्प्यात. लिहून काढा. ही माहिती घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात गेलात, तर योग्य वाणाबद्दल नेमकं बोलता येतं. 'चांगलं बियाणं द्या' म्हटलं तर दुकानदार त्याच्याकडे असेल तेच देईल.

दुसरं. पिशवीवरचा टॅग बघा. पायाभूत बियाण्याचा पांढरा, प्रमाणित बियाण्याचा निळा. सत्यप्रत बियाण्याचा हिरवा, म्हणजे त्याच्या दर्जाची हमी विकणाऱ्याने स्वतः दिलेली असते. पावती घ्या, टॅगचा फोटो काढून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

तिसरं. भाताचं सुधारित वाण असेल, संकरित नसेल, तर घरचं बियाणं ठेवता येतं. कापणीआधी शेतात फिरून उंच, वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या वेळी निसवलेल्या भेसळीच्या लोंब्या काढून टाका. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकून त्यात बियाणं सोडा. तरंगतील ते पोचट दाणे काढून टाका, तळाचे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. ऐंशीच्या वर उगवले तर बिनधास्त पेरा.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ते बियाणं द्या. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क देतो. फक्त ब्रँडच्या नावाने पिशवीत भरून विकता येत नाही. तेव्हा भावकीत तर द्याच, पण ज्याची जमीन सगळ्यात खोलगट आहे त्याच्या दारात स्वतः जाऊन द्या. तो तुमच्याकडे मागायला येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यालाही.

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला तरी सुरुवात होते: 'अमुक वाण, एवढं बियाणं, उगवण तपासलेली, हवं असेल त्याने सांगा.' ग्रुपमध्ये कोण नाही तेही एकदा बघा. बहुतेक वेळा बियाण्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच असते.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या भागातलं एखादं गावठी वाण, जे पुरात, मिठात किंवा खंडात टिकतं, ते आम्हाला नक्की कळवा. नाव, गाव आणि घरात ते कोण जपतंय, एवढं लिहा. पुढच्या एका भागात त्यावर बोलू. काळजी घ्या, भेटू लवकरच!